तुमची सिटी कोणत्या सालची?

फोनवर तुम्ही "होंडा सिटीची सर्व्हिसिंग करायची आहे" म्हणालात, की आमचा पहिला प्रश्न ठरलेला: साल कोणतं? नाव एकच असलं तरी भारतात आतापर्यंत पाच वेगळ्या सिटी आल्या आहेत, आणि एकीचा इलाज दुसरीला चालत नाही.

पहिली आली 1998 मध्ये. 1.3 आणि 1.5 लिटरची इंजिनं, पुढे 106 पीएस ताकदीचं, 'व्हीटेक' नावाचं जोरदार इंजिन. हिला टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातल्या व्हॉल्व्हची वेळ सांभाळणारा रबरी पट्टा आहे. तो कधी बदलला याची नोंद नसेल, तर वाट न पाहता बदलून घ्या.

2003 ची, जिला सगळे 'डॉल्फिन' म्हणतात, ती गाडी आम्हाला सर्वांत जास्त शिकवून गेली. होंडाने ताकद कमी करून अ‍ॅव्हरेज वाढवलं: 1.5 लिटरचं आय-डीएसआय इंजिन, फक्त 77 बीएचपी (पीएससारखंच ताकदीचं माप). जुन्या व्हीटेकवाल्यांनी नाकं मुरडली, पण पेट्रोलचा हिशेब ठेवणारी घरं खूश झाली. यात प्रत्येक सिलिंडरला दोन, म्हणजे एकूण आठ स्पार्क प्लग. पुढचे चार समोरच दिसतात. मागचे चार इंजिन आणि काचेखालच्या पत्र्याच्या मध्ये दडलेले. तिथे हात पोहोचवायला वेळ लागतो, म्हणून पुष्कळदा पुढचेच चार बदलले जातात. आमच्याकडे आठही बदलतो आणि काढलेले आठही तुमच्या हातात देतो. मोजून घ्या. त्यासाठी गाडी सकाळी लवकर सोडावी लागेल.

2008 च्या आय-व्हीटेकमध्ये ताकद परत आली: 118 पीएस. ऑटोमॅटिक घेतली असेल तर एक लक्षात ठेवा. डॉल्फिनला सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक) होता, 2008 च्या गाडीला पाच गिअरचा साधा ऑटोमॅटिक, आणि 2014 च्या पेट्रोलला पुन्हा सीव्हीटी. दोन्ही प्रकारांचं ऑईल वेगळं. "ऑटोमॅटिकचं ऑईल द्या" म्हणून दुकानातून डबा आणू नका. चुकीचं ऑईल गेलं तर गिअरबॉक्सचा खर्च ऐकून घाम फुटतो.

2014 ला सिटीत पहिल्यांदा डिझेल आलं, 100 पीएसचं. 2020 च्या पाचव्या पिढीतही ते होतं, 2023 मध्ये बंद झालं. 2022 ची हायब्रिड मात्र जरा निराळी: बॅटरीमुळे डिकी लहान झाली आहे, आणि उच्च दाबाच्या विजेचं काम आम्ही करत नाही. ते अधिकृत केंद्रातच करा.

पेट्रोल सिटीत टॅपेट (इंजिनातले व्हॉल्व्ह उघडणारे भाग) आवाज करू लागले, की सेटिंग करून घ्यावं; हे काम इंजिन पूर्ण थंड असतानाच होतं. म्हणून गाडी आदल्या रात्री आणून ठेवलीत तर बरं.

ताकाता कंपनीच्या सदोष एअरबॅग बदलून देण्याच्या मोहिमेत (रिकॉलमध्ये) अनेक जुन्या सिटी आहेत. होंडाच्या संकेतस्थळावर चासी नंबर टाकून पाहा. एअरबॅग बदलणं मोफत आहे. आरसी सोबत आणलीत, तर नंबर आम्हीच टाकून देऊ.