मूळ जागा ओस पडली म्हणून तो स्थलांतरी प्रसार होत नाही

माणसं उठून दुसरीकडे गेली आणि जाताना भाषा, धर्म, रीतिरिवाज सोबत घेऊन गेली, तर तो स्थलांतरी प्रसार. मानवी भूगोल शिकणाऱ्या सगळ्यांना हे पाठ असतं. माणसं होती तिथेच राहिली आणि गोष्ट एकाकडून दुसऱ्याने उचलली, तर तो विस्तारी प्रसार. स्वीडिश भूगोलतज्ज्ञ टॉर्स्टन हेगरस्ट्रांड यांचा १९५३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या दुसऱ्या प्रकारावरच उभा आहे. कुरणसुधारणा, जनावरांची क्षयरोग तपासणी अशा नव्या गोष्टी शेतकऱ्यांमध्ये कशा पसरत गेल्या, ते त्यांनी नकाशांवर मांडलं. शेतकरी कुठेही गेले नव्हते.

इथवर ठीक. मग नोट्समध्ये एक वाक्य येतं आणि सगळा विचका होतो: ‘स्थलांतरी प्रसारात मूळ ठिकाणी ती गोष्ट क्षीण होते.’ कधी होते, कधी होत नाही. पण विद्यार्थी यालाच कसोटी मानतात आणि थेट बौद्ध धर्मावर येऊन आपटतात. भारतात ओसरला, चीन-जपानमध्ये रुजला, म्हणजे स्थलांतरी! साफ चूक.

कालक्रम बघा. चीनमध्ये बौद्ध धर्म पोचला इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपास, व्यापारी आणि भिक्षूंच्या मार्फत. कुमारजीव हा बौद्ध भिक्षू चीनमधल्या चांगआन शहरात आला ४०१ मध्ये, त्याने ग्रंथ चिनीत आणले. ह्युएनत्संग ६४५ मध्ये ग्रंथ घेऊन चीनला परतला, तेव्हा तो ज्या नालंदेत शिकला होता ती भरभराटीत होती. म्हणजे प्रसार ऐन जोरात असताना उगमही भरलेलाच होता. भारतातली ओहोटी ही वेगळी घटना, तिची कारणं वेगळी. शिवाय चीनमधले बौद्ध भारतातून गेलेल्या माणसांचे वंशज नव्हते, ते तिथलेच लोक होते. मूठभर भिक्षू फिरले म्हणून प्रकार बदलत नाही. हा विस्तारी प्रसारच.

आता उलट टोक, आमिश. १६९३ च्या सुमारास याकोब आमान यांच्यामागे वेगळा झालेला हा ख्रिस्ती पंथ. अठराव्या शतकात त्यातली कुटुंबं पेनसिल्व्हेनियाला येऊ लागली. मागे युरोपात उरलेले हळूहळू मेनोनाइट या जवळच्याच ख्रिस्ती पंथात मिसळून गेले. अमेरिकेत त्यांची लोकसंख्या साधारण २० वर्षांत दुप्पट होते. मग हा स्थलांतरी का, विस्तारी का नाही? कारण बाहेरचे लोक फारसे आमिश होतच नाहीत. वाढ घरात जन्मलेल्या मुलांची आहे. त्यामुळे नुसता वाढता आकडा पाहून ‘विस्तारी’ असा शिक्का मारणंही तितकंच चुकीचं.

तेव्हा उगमाकडे बघणं सोडा. नव्या ठिकाणी ती गोष्ट आज ज्यांच्याकडे आहे, त्यांच्याकडे ती वाडवडिलांबरोबर आली की शेजाऱ्याकडून, अधिकाऱ्याकडून, शिक्षकाकडून घेतली, एवढंच विचारा. माझ्या लेखी दुसरी कसोटी नाही.

विस्तारी प्रसाराचे पोटप्रकार (संसर्गी म्हणजे शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे, श्रेणीबद्ध म्हणजे वरून खाली, उद्दीपक म्हणजे मूळ कल्पना घेऊन रूप बदललेलं) परीक्षेला हवेत म्हणून पाठ करा. त्यांत कोणी अडखळताना दिसत नाही.

राहिली इंग्रजी. तिचं एकच उत्तर मागणारा प्रश्नच मुळात चुकीचा. ऑस्ट्रेलियात ती १७८८ पासून वसाहतकऱ्यांच्या तोंडून आली, म्हणजे स्थलांतरी. पुढे तिथल्या आदिवासींवर ती लादली गेली, तो भाग विस्तारी. नायजेरियात ब्रिटिश मोठ्या संख्येने कधी स्थायिक झालेच नाहीत, तरी इंग्रजी तिथली राजभाषा आहे. ती कचेऱ्या आणि शाळांतून वरून खाली झिरपली. आणि तरीही लंडनहून चहूकडे सारख्याच जाडीचे बाण काढलेले नकाशे अजून छापले जातात. दोन्ही देशांकडे जाणारे बाण निदान वेगळ्या रंगात तरी काढा, आणि ऑस्ट्रेलियासाठी दोन काढा.