महाज्योतीचा मोफत टॅब: अर्ज कुठे अडतो आणि कागद कधी काढायचे

मे महिना लागला की आमच्या धानपट्ट्यात एकच विचारणा सुरू होते. "बाबूजी, दहावी पास झालेल्या पोराले सरकार लॅपटॉप देते म्हणते, खरं हाये का?" मी एका हायस्कुलात लिपिक होतो. टीसी, बोनाफाईड, दाखल-खारिजचे उतारे यांतच माझी नोकरी गेली. आता उन्हाळ्यात ग्रामपंचायतीच्या खोलीत बसून पोरांचे अर्ज पाहून देतो. दरवर्षी हुशार पोरं कागदापायी बाद होताना पाहतो, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी लॅपटॉपचं. "केंद्र सरकार सगळ्या विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप देत आहे, खालील लिंकवर नाव नोंदवा" असा मेसेज दरवर्षी फिरतो. तो खोटा आहे. पीआयबी फॅक्ट चेकने, म्हणजे केंद्र सरकारच्याच खोट्या बातम्या तपासणाऱ्या विभागाने, असे मेसेज वेळोवेळी खोटे ठरवले आहेत. त्या लिंकवर आधार क्रमांक आणि ओटीपी देऊ नका. खरी योजना आहे ती टॅबची, आणि ती महाज्योती, म्हणजे महात्मा ज्योतिबा फुले संशोधन व प्रशिक्षण संस्था राबवते. ही राज्य सरकारची संस्था आहे, २०१९ साली स्थापन झाली आणि तिचं मुख्य कार्यालय आपल्या नागपूरलाच आहे. अकरावी-बारावीची दोन वर्षं एमएचटी-सीईटी, जेईई आणि नीट या अभियांत्रिकी-वैद्यकीय प्रवेश परीक्षांचं ऑनलाइन प्रशिक्षण, त्यासाठी टॅब आणि रोजचा इंटरनेट डेटा, असं सगळं मोफत मिळतं. टॅब प्रशिक्षणासाठी आहे, नुसता टॅब कोणालाच मिळत नाही. म्हणून अकरावी विज्ञान शाखेत प्रवेश ही मुख्य अट. कला, वाणिज्य, आयटीआय किंवा पॉलिटेक्निकला गेलेल्यांनी यात वेळ घालवू नये.

पात्रता अशी: विद्यार्थी महाराष्ट्राचा रहिवासी, इतर मागासवर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती किंवा विशेष मागास प्रवर्गातला, आणि नॉन क्रिमिलेअर, म्हणजे त्या प्रवर्गातल्या सधन, उन्नत गटात न मोडणारा. आपल्याकडचे तेली, माळी, कुणबी, पोवार ओबीसीत येतात. यवतमाळकडचे बंजारा विमुक्त जाती अ मध्ये, भोई-ढीवर भटक्या जमाती ब मध्ये, धनगर क मध्ये, कोष्टी आणि गोवारी विशेष मागास प्रवर्गात. जागांची वाटणी ओबीसी ५९ टक्के, विजा-अ १०, भज-ब ८, भज-क ११, भज-ड ६ आणि विमाप्र ६ टक्के अशी असते. निवड दहावीच्या गुणांवर होते. अनुसूचित जाती आणि जमातीच्या मुलांनी इथे अर्ज करू नये. त्यांच्यासाठी बार्टी आणि टीआरटीआय या वेगळ्या संस्था आहेत, त्यांच्या जाहिराती पाहाव्यात.

गुणांची अट ग्रामीण मुलांना दहावीत ६० टक्के आणि शहरी मुलांना ७० टक्के अशी राहिली आहे. आता नीट वाचा. ग्रामीण की शहरी हे आधार कार्डावरच्या पत्त्यावरून ठरतं. शाळा कुठे होती यावरून ठरत नाही. माझ्याकडे एक पोरगी आली होती, ६६ टक्क्यांची. आईवडील गावात, धानाची दोन एकर शेती. पोरगी नववी-दहावीला मावशीकडे नागपूरला होती आणि तिथल्या शाळेच्या सोयीसाठी आधारवर मावशीचा पत्ता टाकून घेतला होता. झाली शहरी, आणि ६६ टक्के कमी पडले. पोरं शिकायला शहरात ठेवली असतील तर आधारचा पत्ता गावचाच राहू द्या. बदललेला असेल तर अर्ज निघण्याच्या दोन-तीन महिने आधी गावच्या पत्त्याचा पुरावा देऊन परत दुरुस्त करून घ्या.

आधार हातात घेतलंच आहे तर आणखी दोन गोष्टी पाहा. पंधरा वर्षं पूर्ण झाल्यावर बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद नव्याने करावी लागते. दहावीचं वय नेमकं तेच. ती केली नसेल तर पुढे जागोजागी अडतं. दुसरं म्हणजे आधारला जोडलेला मोबाइल. बहुतेक घरांत तो बापाचा असतो. मे महिन्यात बाप तेंदूपत्त्याच्या फळीवर, म्हणजे पानं गोळा करण्याच्या केंद्रावर, जंगलात, किंवा मिरची तोडायला तेलंगणात गेला तो परतलेला नसतो. सेतू केंद्रात पोरगं खुर्चीवर बसलेलं असतं आणि ओटीपी रेंज नसलेल्या फोनवर जातो. पोराचं स्वतःचं आधार घरात राहणाऱ्या कुणाच्या तरी, आईच्या किंवा आजीच्या, नंबरला जोडून ठेवा. हे काम हिवाळ्यातच उरकून घ्या.

आता नॉन क्रिमिलेअर. निम्म्याहून जास्त रडगाणी इथली असतात, म्हणून इथे मी जरा लांबण लावणार आहे.

पहिली चूक मुदतीची. "मागच्या जूनमध्येच तर काढलं, वर्ष कुठे झालं?" असं पालक म्हणतात. महिने मोजून ही मुदत कळत नाही. प्रमाणपत्राच्या मजकुरातच ते अमुक सालच्या ३१ मार्चपर्यंत वैध आहे असं लिहिलेलं असतं. मागच्या जूनमध्ये एका वर्षाच्या मुदतीचं काढलं असेल तर ते यंदाच्या ३१ मार्चला संपलं, आणि अर्ज त्यानंतर निघतो. संपलेलं प्रमाणपत्र जोडलं की अर्ज बाद. पोराला ९२ टक्के असले तरी बाद.

दुसरी चूक उत्पन्नाच्या दाखल्याची. नॉन क्रिमिलेअरसाठी मागच्या तीन आर्थिक वर्षांचं उत्पन्न पाहतात. शिष्यवृत्तीसाठी काढलेला एका वर्षाचा दाखला घरात असतो, तोच लोक जोडतात. मग एक तर अर्ज परत येतो, नाहीतर एकाच वर्षाच्या मुदतीचं प्रमाणपत्र हातात पडतं आणि पुढच्या मार्चनंतर पुन्हा तीच पायपीट. तहसीलला अर्ज करतानाच "तीन वर्षांचा दाखला" असं स्पष्ट सांगा. तलाठ्याचा, म्हणजे नव्या नावाने ग्राम महसूल अधिकाऱ्याचा, अहवालही तिन्ही वर्षांचा घ्या. तिन्ही वर्षं मर्यादेत असतील तर तीन वर्षांपर्यंतच्या मुदतीचं प्रमाणपत्र मिळू शकतं. असं प्रमाणपत्र दहावीच्या दिवाळीनंतर लगेच काढून ठेवलं तर मेमधला अर्ज निभतो आणि बारावीपर्यंत बरीच कामं त्यावर होतात.

तिसरी गोष्ट चूक नसून गैरसमज आहे, पण त्यापायी लोक अर्जच करत नाहीत. मर्यादा ८ लाखांची आहे, आणि या हिशेबात पगाराचं आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. बाप जिल्हा परिषद शाळेत शिक्षक, पगार ८ लाखांच्या वर, म्हणून "तुमचं निघत नाही" असं सांगून एका पालकाला खिडकीवरून परत पाठवलेलं मी पाहिलं आहे. पगारदारांच्या बाबतीत आईवडील कोणत्या वर्गाच्या पदावर आहेत ते पाहतात. वर्ग तीन आणि चारच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांनी नुसत्या पगाराच्या आकड्यापायी माघार घेऊ नये. तहसीलच्या दाखल्यात एकूण उत्पन्न लिहिलेलं असतं, त्यामुळे खिडकीवरच्या माणसाचाही गोंधळ होतो. पगार किती, शेती किती, इतर किती, हे वेगवेगळं दिसेल असा कागद सोबत न्या. खिडकीवर शांतपणे पण ठामपणे बोला. तिथला माणूस तोंडी "नाही" म्हणाला तर अर्ज ऑनलाइन दाखल करा आणि नकार लेखी मागा. लेखी नकाराला कारण द्यावं लागतं.

चौथी चूक साधी, तरी दरवर्षी होते. नॉन क्रिमिलेअरच्या जागी उत्पन्नाचा दाखला अपलोड करणं, नाहीतर प्रमाणपत्राच्या जागी सेतूची पोचपावती अपलोड करणं. पोचपावती म्हणजे प्रमाणपत्र नव्हे.

आणि राज्याचं प्रमाणपत्र वेगळं, केंद्राचं वेगळं. टॅबसाठी राज्याच्या नमुन्यातलं लागतं. पुढे नीट किंवा जेईईच्या फॉर्मला ओबीसींसाठी केंद्राच्या नमुन्यातलं लागतं. एकाच्या जागी दुसरं चालत नाही.

जातीच्या प्रमाणपत्राला मुदत नसते, एकदा काढलं की झालं. पण ज्या घरात अजून कोणाकडेच नाही तिथे हे सगळ्यांत वेळखाऊ काम. ओबीसी आणि विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा जातीचा किंवा वास्तव्याचा पुरावा मागतात. आजोबा शाळेतच गेले नाहीत, मग पुरावा कुठला, असं म्हणून लोक हात टेकतात. शाळेत आजोबांचं नाव नसलं तरी त्यांच्या भावाचं असू शकतं, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र जोडून ते चालतं. ते नसेल तर कोतवाल बुकाची नक्कल काढा, त्यात जन्म-मृत्यूच्या नोंदी जातीसकट असतात. जुनी शेती असेल तर अधिकार अभिलेख पाहा. माझ्या ओळखीच्या एका ढीवर कुटुंबाला पणजोबांची नोंद कोतवाल बुकात मिळाली, मोडीसारख्या अक्षरात, वाचून घ्यायलाच आठ दिवस लागले. ज्यांच्या घरात कोणालाच प्रमाणपत्र नाही त्यांनी पोरगं नववीत असतानाच सुरुवात करावी.

नावांचं दुखणं आपल्या विदर्भात जास्त. आपण आदराने बापाच्या नावाला "जी" लावतो आणि गुरुजींनी पहिलीत तेच लिहून घेतलेलं असतं. टीसीवर पांडुरंगजी, आधारवर पांडुरंग. कुठे ज्ञानेश्वर, कुठे ग्यानेश्वर. माणूस एकच हे गावाला माहीत, कागद तपासणाऱ्याला नाही. शाळेच्या नोंदीतली चूक विद्यार्थी त्या शाळेत शिकत असेपर्यंत दुरुस्त होते, शाळेमार्फत आणि शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीने. टीसी घेऊन बाहेर पडल्यावर ते काम फार जड जातं. म्हणून दहावीचा बोर्डाचा फॉर्म भरताना, साधारण दिवाळीच्या आसपास, मुलाचं नाव, बापाचं नाव, आडनाव, जन्मतारीख आधारशी अक्षर न् अक्षर जुळवून पाहा. मी लिपिक असताना प्रत्येक पोराला नोंद वाचून दाखवत असे. तुमच्या शाळेत कोणी दाखवत नसेल तर मागून पाहा, तो तुमचा हक्क आहे.

डोमेसाइल, म्हणजे वय, अधिवास व राष्ट्रीयत्वाचं प्रमाणपत्र, तहसीलमधून मिळतं. गोंदियाकडे एक अडचण येते. बाळंतपण माहेरी बालाघाटला झालेलं असतं आणि जन्मदाखला मध्य प्रदेशचा. अशा वेळी पहिलीपासूनची शाळेची नोंद आणि वडिलांच्या रहिवासाचे पुरावे आधीच सोबत जोडा.

पैशाबद्दल. या प्रमाणपत्रांच्या प्रतिज्ञापत्रांसाठी ५०० रुपयांचा स्टॅम्प लागत नाही, साध्या कागदावर चालतं. मार्च २०२५ मध्ये महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी हे शुल्क माफ केल्याचं जाहीर केलं. तरीही स्टॅम्प मागणारे भेटतात. रोजीवर जाणाऱ्या बाईचे ५०० रुपये असे जाताना पाहिले की जीव तुटतो. सेतूत दरफलक लावलेला असतो, तेवढेच पैसे द्या आणि पावती घ्या. उत्पन्न आणि अधिवासाच्या दाखल्याला १५ दिवस, नॉन क्रिमिलेअरला २१ दिवस अशी मुदत सेवा हक्काखाली ठरलेली आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ चा आहे, मुदत उलटली तर ऑनलाइन अपील करता येतं. मात्र मे-जूनमध्ये सगळा तालुका एकाच खिडकीवर असतो, तेव्हा हे दिवस कमीत कमी समजा.

प्रत्यक्ष अर्ज सोपा आहे. महाज्योतीच्या संकेतस्थळावर नोटीस बोर्डमध्ये जाहिरात असते, तिथेच अर्जाची लिंक. फी नाही. पोस्टाने किंवा ईमेलने पाठवलेला अर्ज चालत नाही. कागदांवर स्वतःची सही करून स्कॅन करा. मोबाइलने तिरपा, सावली पडलेला फोटो काढू नका, वाचता न येणारा कागद हा न दिलेल्या कागदासारखाच धरतात.

एक गोंधळ मात्र सांगितला पाहिजे. जाहिरात कधी निकालाच्या आधी निघते, तेव्हा नववीची गुणपत्रिका आणि दहावीचं हॉल तिकीट मागतात. दहावीची गुणपत्रिका आणि अकरावी विज्ञानचं बोनाफाईड नंतर त्याच अर्जात भरायचं असतं. पोरं पहिला टप्पा भरतात आणि झालं म्हणून रोवणीच्या कामाला लागतात. दुसरा टप्पा राहून जातो. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले, त्यामुळे प्रवेश लांबला तर बोनाफाईडही उशिरा मिळतं. कॉलेजात प्रवेश झाला त्याच दिवशी बोनाफाईड मागा, त्यावर "विज्ञान शाखा" असे शब्द आहेत का ते तिथेच वाचा. आणि "कॉलेजवाले पाहून घेतील" यावर राहू नका, हा अर्ज विद्यार्थ्याचा आहे.

अर्ज भरला की प्रिंट काढा, अर्ज क्रमांक आणि पासवर्ड वहीच्या पहिल्या पानावर लिहा. सेतूवाल्याच्या मोबाइलवरून आणि त्याच्याच ईमेलने अर्ज भरू नका, पुढचे सगळे मेसेज त्याच्याकडे जातात. त्यानंतर दर आठवड्याला नोटीस बोर्ड पाहत राहा. यादीत नाव नसेल किंवा त्रुटी दाखवली असेल तर कारण वाचा, आणि दुरुस्तीला दिलेले दिवस उलटण्याआधी तोच एक कागद परत भरा. कारण कळत नसेल तर प्रिंट आणि सगळे मूळ कागद घेऊन या. मे-जूनमध्ये सकाळी आठ ते अकरा मी ग्रामपंचायतीतच असतो. गावोगावी असं कोणी ना कोणी असतं, त्यांना विचारायला संकोच करू नका.