पूरमदतीतील विषमता (कोल्हापूर)

पुराआधीचे स्थलांतर, छावणी, पंचनामा आणि अनुदान या प्रत्येक टप्प्यावर कुटुंबाच्या ऐपतीनुसार पडणारा फरक. कोल्हापूर जिल्ह्यात २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत तो ठळकपणे दिसला. मदतीचे माप मालमत्तेवर आणि कागदावर ठरते, म्हणून ज्यांच्याकडे दोन्ही कमी त्यांच्या हाती सर्वांत कमी पडते.

भोगावती, तुळशी, कुंभी आणि कासारी यांचे पाणी प्रयाग चिखलीपाशी पंचगंगेत एकत्र येते. या नदीवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाण्याची उंची मोजतात; तिथे ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले, शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला आणि राज्यभराचे लक्ष इकडे वळले. गरिबांचा पूर मात्र त्याच्या खूप आधी सुरू होतो. कोल्हापुरातल्या सुतारवाड्यातील कुटुंबांना इशारा पातळीच्या आसपासच घर सोडून चित्रदुर्ग मठातल्या निवाऱ्यात जावे लागते. टेम्पोचे भाडे, बुडालेली रोजंदारी, भिजलेले धान्य हा खर्च त्यांना वरचेवर सोसावा लागतो. पाणी ४४ फुटांवर थांबून ओसरले, तर त्या वर्षाला महापूर म्हणत नाहीत आणि विशेष पॅकेजही निघत नाही.

‘सांगूनही लोक बाहेर पडत नाहीत’ ही तक्रार प्रत्येक पुरात ऐकू येते. शिरोळ आणि करवीर तालुक्यांत त्याचे कारण बहुधा गोठ्यात असते. ज्याच्याकडे ट्रॅक्टर-ट्रॉली आहे तो जनावरे आणि वैरण एका दिवसात उंचावर नेतो. एका म्हशीवर दूध डेअरीचे बिल चालवणारे घर तिला सोडून बोटीत बसत नाही. चांगली दुभती म्हैस लाखाच्या घरात जाते. आपत्ती मदतीच्या २०२२-२६ साठीच्या केंद्रीय निकषांत दुभत्या मोठ्या जनावराला ३७,५०० रुपये धरले आहेत, आणि त्यासाठीही मृत्यूची नोंद लागते. जनावर वाहून गेले की दाखवायला काहीच उरत नाही. म्हणून माणसांच्या छावणीला लागूनच जनावरांची सोय आणि वैरण असेल, तर स्थलांतर लवकर होते.

सगळ्याचे मूळ पंचनाम्यात आहे. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक पाणी ओसरल्यावर घरोघर फिरतात. ज्याला आठ दिवस नातेवाइकांकडे राहता येते त्याचे घर गाळासकट तसेच राहते. ज्याला त्याच खोलीत रात्री झोपायचे आहे तो आधी गाळ काढतो, भिंती धुतो, आणि पथक आल्यावर ‘नुकसान दिसत नाही’ असे ऐकतो. धुण्याआधी भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेचा तारखेसह फोटो, भिजलेल्या सामानाचा फोटो आणि शेजाऱ्यांची पंच म्हणून सही एवढे तरी हाताशी ठेवावे. बाधितांची यादी लागली की ती पाहून हरकत तहसीलदारांकडे लेखी द्यावी. तोंडी सांगितलेले टिकत नाही.

पाणी किती दिवस होते, यावरही बरेच ठरते. २०१९ मध्ये राज्याच्या आदेशात मोफत १० किलो गहू आणि १० किलो तांदळासाठी दोन दिवसांहून अधिक काळ क्षेत्र पाण्यात असण्याची अट होती. तिच्यावर सडकून टीका झाली, आणि ती रास्तच होती. चूल विझायला एक रात्र पुरते. केंद्रीय निकषांतही कपडे आणि भांडी यांसाठी प्रत्येकी २,५०० रुपये देताना दोन दिवसांचीच कसोटी लावली आहे.

त्याहून मोठी दरी घराच्या वर्गवारीत आहे. त्याच निकषांत सपाट भागात पूर्ण पडलेल्या कच्च्या किंवा पक्क्या घराला १,२०,००० रुपये, झोपडीला ८,०००. पत्रे, माती आणि प्लास्टिकचा कागद यांनी उभा केलेला आसरा ‘कच्चे घर’ की ‘झोपडी’ हे नोंदीतल्या एका शब्दावर ठरते, आणि त्या शब्दाने रक्कम पंधरापट बदलते. गायरानात राहणाऱ्यांपुढे बांधकाम अधिकृत असल्याच्या दाखल्याचा प्रश्न वेगळाच. एका छपराखाली दोन भावांच्या दोन चुली असल्या, तरी शिधापत्रिका विभक्त नसेल तर एकच कुटुंब धरले जाते. भाडेकरूच्या खोलीचे नुकसान घरमालकाच्या नावे लागू शकते; भाडेकरूची भांडी-अंथरूण वेगळी नोंदवून घ्यावी लागतात. पासबुक वाहून गेले किंवा खाते बंद पडले, तर मंजूर रक्कमही अडकते.

धंद्याच्या बाबतीत २०२१ च्या राज्य पॅकेजने दुकानदारांना जास्तीत जास्त ५०,००० आणि टपरीधारकांना १०,००० रुपये ठरवले. स्थानिक रहिवास, मतदार यादीतले नाव आणि शिधापत्रिका यांची अट असल्याने बाहेरगावाहून येऊन गाडा लावणारा आपोआप गळतो.

स्वयंसेवी मदत लवकर पोचते आणि तिचे मोल मोठे आहे; कोल्हापूरच्या तालमी आणि तरुण मंडळांनी जेवण, बोटी, औषधे पुरवली. पण ट्रक महामार्गालगतच्या गावात रिकामा होतो आणि आतल्या वाडीपर्यंत, गावठाणाच्या कडेच्या वस्तीपर्यंत थोडेच जाते. वाटप गावच्या वेशीवर न करता वस्तीनिहाय यादी घेऊन केले, तर हे बरेचसे टळते.

केंद्रीय निकषांनुसार पिकाचे अनुदान ३३ टक्के किंवा त्याहून अधिक नुकसानीला आणि दोन हेक्टरपर्यंत मिळते, तेही सातबाऱ्यावरच्या नावाला. तोंडी बोलीवर वाट्याने जमीन कसणाऱ्याचे नाव तिथे नसते. ऊस, सोयाबीन कुजले की भांगलणीला जाणाऱ्या बायकांचे पुढचे कित्येक आठवड्यांचे काम जाते. इचलकरंजीत यंत्रमाग थांबले की कापडाच्या मीटरवर मजुरी घेणाऱ्या कामगाराची कमाई त्याच दिवशी थांबते. शेताच्या आणि कारखान्याच्या पंचनाम्यात या बुडालेल्या मजुरीसाठी रकानाच नसतो.