शाम्पूच्या बाटलीत सगळ्यात जास्त असतं ते पाणी

शाम्पू, हँडवॉश किंवा बॉडीवॉशच्या बाटलीमागची घटकांची यादी वाचून पाहा. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात आणि पहिलं नाव जवळजवळ नेहमी पाण्याचं, म्हणजे ‘ॲक्वा’ असतं. द्रव शाम्पूत साधारण 70 ते 80 टक्के पाणीच असतं. या पाण्यापायी दोन गोष्टी कराव्याच लागतात: न गळणारं प्लास्टिकचं पॅकिंग, आणि आत जिवाणू-बुरशी वाढू नये म्हणून परिरक्षक. म्हणून न्हाणीघरातलं प्लास्टिक कमी करायचं असेल तर आधी वस्तूंमधलं पाणी काढा. कोरडी पूड काचेच्या बरणीत महिनोन्‌महिने टिकते, वडी कागदात राहते, आणि पाणी घरच्या नळाला आहेच.

प्लास्टिकमध्येही डावं-उजवं आहे. तळाशी त्रिकोणात असलेला आकडा प्लास्टिकचा प्रकार सांगतो. 2 आकडा असलेली जाड बाटली भंगारवाला घेतो, तिचं पुन्हा काहीतरी होतं. शाम्पूच्या एक-दोन रुपयांच्या पुडीत मात्र वेगवेगळ्या प्लास्टिकचे आणि बऱ्याचदा धातूचा मुलामा दिलेले पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते सुटे करणं परवडत नाही, म्हणून पुडी कोणी उचलत नाही. रिफिलच्या पाऊचला वजनाच्या हिशेबाने प्लास्टिक बरंच कमी लागतं, पण तोही अनेकदा असाच बहुथरी असतो. त्यावर 2 किंवा 4 आकडा असेल तर घ्यावा. 7, म्हणजे इतर किंवा मिश्र प्लास्टिक, असेल तर त्यापेक्षा मोठा कॅन बरा.

केसांसाठी कोरडा आणि उत्तम पर्याय आपल्याकडे पूर्वापार आहे. अर्धा किलो शिकेकाई, बिया काढलेले 100 ग्रॅम रिठे, 100 ग्रॅम आवळकाठी आणि 50 ग्रॅम मेथी घ्या. सगळं कडक उन्हात इतकं वाळवा की शेंग वाकवल्यावर कट्‌कन मोडली पाहिजे. मग शिकेकाई दळून देणाऱ्या गिरणीतून दळून आणा. घरी मिक्सरवर करणार असाल तर नाकातोंडाला कापड बांधा आणि झाकण लगेच उघडू नका. ही धूळ घशाला आणि डोळ्यांना फार झोंबते. हे काम एप्रिल-मे मध्येच उरकावं. पावसाळ्यात केलेली पूड ओल धरते, गोळे होतात आणि बुरशी येते.

न्हायच्या दिवशी दोन मोठे चमचे पूड एक पेला पाण्यात कालवून मंद आचेवर पाच-सात मिनिटं उकळा आणि निवल्यावर पातळ कापडातून गाळा. गाळायचा कंटाळा केला तर भुसा केसांत अडकतो आणि दिवसभर झडत राहतो. भांडं स्टीलचं घ्या. लोखंडी कढईत आवळा-शिकेकाईतल्या टॅनिनचा लोहाशी संयोग होऊन काढा काळाकुट्ट होतो आणि टॉवेलवर डाग पडतात.

शिकेकाई आणि रिठ्यात सॅपोनिन नावाची द्रव्यं असतात. त्यांच्या रेणूचा एक भाग शर्करेचा, पाण्यात रमणारा. दुसरा तेलाशी जवळीक करणारा. तेलकट मळ या दुसऱ्या भागाला धरतो आणि पाण्याबरोबर निघून जातो. साबणाचंही काम असंच चालतं, पण बोअरच्या जड पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाची न विरघळणारी चिकट साय बनते आणि केस राठ लागतात. सॅपोनिनची अशी साय होत नाही. शिवाय शिकेकाईचा काढा किंचित आम्लधर्मी, तर साबण चांगलाच अल्कधर्मी, त्याचा सामू (पीएच) 9 ते 10. फेस कमी येतो हे खरं, पण फेसावर स्वच्छता अवलंबून नसते. लहान मुलांसाठी रिठा निम्मा करा, डोळ्यांत गेला तर फार चुरचुरतो.

इथेच बहुतेकांचं गणित चुकतं: काढा बाटलीत भरून महिनाभर ठेवला जातो. काढ्यात शर्करा आहे, प्रथिनं आहेत, म्हणजे जिवाणूंना आयतं जेवण. उकळल्याने बरेचसे मरतात, पण चिवट बीजाणू उरतात आणि हात लागला की नवे येतात. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस, त्याहून जास्त नको. जास्त दिवस ठेवायचा असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवा आणि लागतील तशा वड्या काढा. अनेक पाककृतींत ‘टिकण्यासाठी व्हिटॅमिन ई घाला’ असं लिहिलेलं असतं. व्हिटॅमिन ई तेल खवट होणं लांबवतं, जिवाणूंना रोखत नाही. घरच्या कोरफडीच्या गराचंही तसंच: वास-रंग बदलायच्या आधीच त्यात वाढ झालेली असू शकते.

विकतच्या हँडवॉशमध्येही हीच चूक होते. बाटली संपत आली की आपण त्यात पाणी घालून हलवतो. त्याने साबणाबरोबर परिरक्षकही पातळ होतो आणि मग तो पुरा पडत नाही. जुन्या शिल्लक द्रवावर नवा ओतणं त्याहून वाईट, कारण पंपाच्या नळीत आणि स्प्रिंगपाशी जिवाणूंचा बुळबुळीत थर धरतो आणि प्रत्येक नव्या भरणीला लागण होते. वारंवार वरून भरल्या जाणाऱ्या सार्वजनिक साबणपात्रांत असे जिवाणू सापडलेले आहेत. म्हणून बाटली पूर्ण संपवा, गरम साबणपाण्याने धुवा, तेच पाणी पंपातून दहा-पंधरा वेळा दाबून काढा, मग स्वच्छ पाणी, आणि सगळे भाग सुटे करून एक दिवस कोरडे होऊ द्या. आकडा 1 असलेली बाटली उकळत्या पाण्याने धुऊ नका. ती आक्रसते आणि झाकण बसत नाही.

अंगाला लावायचा साबण घरी करायचा असेल तर तराजूशिवाय हात घालू नका. 500 ग्रॅम खोबरेल तेलाचा पूर्ण साबण व्हायला साधारण 91 ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. नुसत्या खोबरेलाचा साबण त्वचा कोरडी करतो, म्हणून 20 टक्के तेल मोकळं राहील असा 73 ग्रॅम सोडा आणि 150 ग्रॅम पाणी घ्या. सोडा पाण्यात थोडा थोडा घालायचा. सोड्यावर पाणी ओतलं तर ते उसळून अंगावर येतं. चष्मा आणि रबरी हातमोजे हवेत, खिडकी उघडी हवी. ॲल्युमिनियमचं पातेलं अजिबात नको: सोडा त्याला खातो आणि हायड्रोजन वायू सुटतो. ओल धरलेला जुना सोडा वजनात फसवतो, साबण मऊ राहतो. सोड्याचं पाणी तेलात मिसळून साच्यात ओतल्यावर खोबरेलाची लादी भराभर घट्ट होते, त्याच दिवशी कापली नाही तर तिचा चुरा होतो. मग वड्या महिनाभर हवेशीर वाळवायच्या.

टूथपेस्ट आणि सनस्क्रीन मात्र घरी करू नका. कीड रोखणारं फ्लोराइड मोजून मिसळणं घरी जमत नाही, मीठ-कोळशाने दातांचं कवच झिजतं, आणि सनस्क्रीनचे कण तेलात सारखे पसरले नाहीत तर त्वचेचे काही भाग उघडेच राहतात. या दोन्हींचं प्लास्टिक सध्या तरी पत्करावं, फक्त मोठी ट्यूब घेऊन ती शेवटपर्यंत, गरज पडल्यास कापून, संपवावी.