ओला कचरा आवारातच जिरवणाऱ्या सोसायट्यांना मिळकतकरात सवलत : पुणे महापालिकेकडे अर्ज कसा करावा

पुणे महापालिकेच्या हद्दीतील जी निवासी सोसायटी आपल्या ओल्या कचऱ्याचे आवारातच गांडूळखत करते, तिच्या सभासदांना मिळकतकरातील सर्वसाधारण करात ५ टक्के सवलत मिळते. गांडूळखत, सौर ऊर्जा आणि पर्जन्यजल संधारण या तिन्हींपैकी दोन प्रकल्प चालू असतील, तर हीच सवलत १० टक्के होते. ती संपूर्ण बिलावर नसून केवळ सर्वसाधारण करावर आहे, हे सभासदांना आधीच सांगितलेले बरे.

प्रकल्प नुसता बांधलेला असून भागत नाही, तो चालू असावा लागतो. अनेक इमारतींत बिल्डरने खताचे खड्डे बांधून दिले, पण पुढे त्यांत राडारोडा आणि मोडके सामान साठले. पाहणीत असे बंद प्रकल्प आढळल्यावर महापालिकेने सवलती काढून घेतल्या आहेत, आणि ते योग्यच झाले. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या ग्रामस्थांनी आपल्या गावांजवळच्या डेपोत येणारा शहराचा कचरा वर्षानुवर्षे सोसला असताना रिकाम्या खड्ड्यासाठी करसवलत घेणे हा त्यांच्यावर अन्यायच आहे.

अर्ज सोसायटीच्या लेटरहेडवर, अध्यक्ष व सचिवांच्या सहीने, आपल्या क्षेत्रीय कार्यालयात द्यावा आणि पोच घ्यावी. सोबत सोसायटीचे नोंदणी प्रमाणपत्र, प्रकल्पाविषयीचा ठराव, भोगवटा पत्र, प्रत्येक सदनिकेच्या मिळकत क्रमांकाची यादी, मिळकतकराच्या ताज्या पावत्या आणि प्रकल्पाची छायाचित्रे तयार ठेवावीत. यादीतील मिळकत क्रमांक बिलाशी ताडून पाहावेत, कारण एक आकडा चुकला तरी त्या सभासदाची सवलत अडकू शकते.

खरी कसोटी पाहणीच्या वेळी लागते. झाकण उघडल्यावर कुबट वास येऊ नये, खत काळसर व भुसभुशीत असावे, आणि मूठभर घेऊन दाबले तर त्यातून पाणी गळू नये. पाणी गळत असेल, तर वाळलेला पाला किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मिसळून ढीग खालीवर करावा. रोज किती ओला कचरा टाकला आणि खत केव्हा काढले, याची साधी वही ठेवली, तर प्रकल्प बारमाही चालतो हे तोंडी सांगत बसावे लागत नाही.

सुका कचरा वेगळा करून 'स्वच्छ' संस्थेच्या कचरावेचकांकडे द्यावा. त्यातील विकाऊ मालावर त्यांची रोजची कमाई अवलंबून असते, आणि खरकटे लागलेल्या कागदाला भंगारवाला भाव देत नाही. सॅनिटरी पॅड व डायपर कागदात गुंडाळून, खूण करून स्वतंत्र द्यावेत.

दिवसाला १०० किलो किंवा त्याहून अधिक कचरा होणाऱ्या मोठ्या सोसायट्यांवर घनकचरा व्यवस्थापन नियमांनुसार ओल्या कचऱ्याची जबाबदारी मुळातच आहे, त्यामुळे सवलत मिळो वा न मिळो, त्यांना हे काम टाळता येत नाही.

मंजुरीनंतरच्या बिलात सवलतीची रक्कम दिसते का, हे प्रत्येकाने तपासावे. दिसत नसेल, तर अर्जाची पोच व बिलाची प्रत घेऊन मिळकतकर विभागात दुरुस्तीची लेखी मागणी करावी.