आईच्या कुळाचे स्थलांतर

पश्चिम सुमात्रातील मिनांगकाबाऊ समाजात मुलाचे कूळ आईकडून ठरते, पिढीजात घर आणि भातशेती मुलींकडे जाते, आणि कुळाच्या मालमत्तेची देखरेख ‘ममाक’, म्हणजे मामा, करतो. वयात आलेल्या मुलाने नशीब काढण्यासाठी परमुलखात जावे, अशी तेथे जुनी रूढी आहे. तिला ‘मरांताऊ’ म्हणतात. परगावी आई शोध, भाऊबंद शोध, पण त्याआधी थारा देणारा धनी शोध, असे त्यांची एक लोककविता या तरुणाला बजावते.

या रूढीत एक पेच दडलेला आहे. अविवाहित पुरुष परदेशी गेले आणि त्यांनी तिथल्याच स्त्रियांशी लग्ने केली, तर त्यांच्या मुलांना कूळ मिळणार कोठून? मलाक्काच्या सामुद्रधुनीपलीकडे, आजच्या मलेशियातील नगरी सेंबिलान राज्यात काही शतकांपूर्वी वसलेल्या मिनांगकाबाऊंनी काढलेला मार्ग मला फार अर्थपूर्ण वाटतो. तेथे ‘सुकू’ नावाची बारा कुळे मानतात. त्यांपैकी तानाह दातार, पाया कुंबुह यांसारखी नावे थेट सुमात्रातील मूळ गावांची आणि प्रदेशांची आहेत; बिदुआंडा हे कूळ मात्र, परंपरेनुसार, स्थानिक आदिवासी स्त्रियांपासून सुरू झाले. भूमीवरचा पहिला हक्क या स्त्रियांचा, म्हणून त्यांच्या वंशाला मान मोठा: राज्यातील रेंबाऊ, जेलेबू, जोहोल या भागांचे प्रमुख याच कुळातून येतात. परक्या स्त्रीला आपल्या चौकटीत आईचे स्थान दिल्यामुळे ती चौकट नव्या भूमीत रुजू शकली.

पुढे रबराच्या मळ्यांमुळे जमिनीला भाव आला, तेव्हा ब्रिटिश अमदानीत १९०९ साली झालेल्या कायद्याने रूढीची जमीन कुळातील स्त्रियांच्या नावे नोंदवण्याची तरतूद केली आणि ती कुळाबाहेर जाण्यावर बंधने घातली. एकाच सुकूत लग्न निषिद्ध असल्यामुळे सोयरीक जुळवतानाही कुळाची चौकशी करावीच लागते.

इंडोनेशियातच, पण जाकार्तात स्थायिक झालेल्या मिनांगकाबाऊंना अशा जमिनीचा आधार नाही. तेथे एकाच गावच्या लोकांची मंडळे ती उणीव काही अंशी भरून काढतात, आणि ईदला ‘पुलांग बासामो’ म्हणून सारे मिळून गावी जातात. शहरात जन्मलेल्या मुलांना आईचे घर आणि तिथले मामा अशा वेळी प्रत्यक्ष भेटतात.