कारखाना कॉलेजात, की कॉलेज कारखान्यात?

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला वर्कशॉपच्या तासात हातात पडतो तो लोखंडाचा, म्हणजे माइल्ड स्टीलचा, काडेपेटीपेक्षा थोडा मोठा तुकडा. तो वाईसमध्ये, म्हणजे टेबलाला बसवलेल्या पकडीत, आवळायचा, कानशीनं घासायचा, गुण्या लावून उजेडाकडे धरायचा. गुण्याखालून उजेडाची रेघ दिसली की परत वाईस. असे दोन तुकडे करायचे: एकाला खाच, दुसऱ्याला त्या खाचेत नेमका बसणारा दात. बसला पाहिजे, पण ठोकून नाही. कानस पुढे जाताना दाबायची आणि मागे येताना सैल सोडायची, एवढं कळायला माझे दोन शनिवार गेले. आमच्या वर्कशॉपच्या सरांचा अभिप्राय वर्षभर एकच होता, "घास अजून."

वर्कशॉपच्या भाषेत असा घडवायचा तुकडा म्हणजे जॉब. हा फिटिंगचा जॉब जगात कुणीही विकत घेणार नाही. जर्नलवर सही झाली की तो भंगाराच्या पेटीत जातो. तरीही मेकॅनिकल, प्रॉडक्शन, डिप्लोमा, आयटीआय अशा सगळ्या वाटांनी जाणाऱ्या पोरांना तो करावाच लागतो. उत्पादनाचं, म्हणजे कारखान्यात वस्तू कशी बनवायची याचं, शिक्षण कॉलेजच्या वर्गात कसं येऊन बसलं, ती गोष्ट या निरुपयोगी जॉबपासून सांगितलेली बरी.

पूर्वी लोहारकाम असो की घड्याळकाम, उमेदवारी हीच शाळा होती. उस्तादाशेजारी वर्षानुवर्षं बसायचं आणि विक्रीच्याच मालावर हात बसवायचा. 1868 च्या सुमारास मॉस्कोच्या इम्पिरियल टेक्निकल स्कूलचे प्रमुख व्हिक्टर डेला-व्हॉस यांनी ही पद्धत मोडली. त्यांनी कसबाचे तुकडे पाडले. कानसकाम, सुतारकाम, कातकाम, भट्टीकाम असे भाग केले आणि प्रत्येकात सोप्याकडून अवघडाकडे जाणारे ठरावीक नमुने आखले. शिकायची शाळा आणि विक्रीचा माल काढणारी शाळा अशा दोन वेगळ्या केल्या. एका उस्तादापाशी जिथे दोन-चार शिकत, तिथे एक शिक्षक आता वर्गभर मुलांना एकाच वेळी शिकवू शकत होता.

हे नमुने 1876 च्या फिलाडेल्फियाच्या जागतिक प्रदर्शनात मांडले होते. बोस्टनच्या एमआयटीचे तेव्हाचे अध्यक्ष जॉन रंकल यांनी ते पाहिले आणि ते इतके भारावले, की एमआयटीत त्याच धर्तीची शिकवणीची वर्कशॉपं उभी राहिली. जाता जाता सांगतो, 1882 साली एमआयटीत दाखल झालेला पहिला भारतीय विद्यार्थी पुण्याचा होता, केशव मल्हार भट. पुण्याला त्या संस्थेचं आकर्षण तेव्हापासूनचं आहे.

डेला-व्हॉस यांच्या पद्धतीत कमाई मोठी झाली, पण एक गोष्ट निसटली. विक्रीच्या मालाला किंमत असते, तारीख असते आणि नाक मुरडणारं गिऱ्हाईक असतं. शाळेतल्या जॉबला यातलं काही नसतं. पुढच्या दीडशे वर्षांतला या शिक्षणाचा सगळा झगडा हे निसटलेलं परत कसं आणायचं, याचाच आहे, असं माझं मत आहे.

आपल्याकडे तर सुरुवातीला हा झगडाही नव्हता, कारण उत्पादन शिकवायचंच नव्हतं. पुण्याचं इंजिनिअरिंग कॉलेज, म्हणजे आजचं सीओईपी, 1854 साली सुरू झालं तेव्हा त्याच्या नावात ‘मेकॅनिकल स्कूल’ हे शब्द होते खरे, पण सरकारला माणसं हवी होती ती रस्ते, कालवे, पूल आणि इमारती यांच्या कामावर. इंजिनिअर म्हणजे बांधकाम खात्याचा माणूस, हे समीकरण आपल्या डोक्यात इतकं पक्कं का बसलं, त्याचं मूळ इथे आहे. यंत्रं विलायतेहून बोटीनं येत. ती बनवायला शिकवण्याची निकड राज्यकर्त्यांना असायचं काही कारण नव्हतं.

मुंबईत मात्र गिरण्या होत्या. यंत्र बाहेरून आणलं तरी ते चालतं ठेवायला माणूस इथलाच लागतो. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवात, 1887 साली, भायखळ्याला व्हीजेटीआय, म्हणजे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, उभी राहिली ती या गरजेतून. 1923 मध्ये ती माटुंग्याला गेली. 1997 मध्ये नावातली व्हिक्टोरिया जाऊन वीरमाता जिजाबाई आल्या. आद्याक्षरं तीच राहिल्यामुळे बोलताना कुणालाच काही बदलावं लागलं नाही.

याच व्हीजेटीआयमध्ये यांत्रिक ड्रॉइंग शिकवायला एक तरुण होता. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकार व्हायला गेलेला. रंग नीट ओळखता येत नाहीत हे लक्षात आल्यावर रंग सोडले आणि रेषा धरल्या. लक्ष्मणराव किर्लोस्कर. बेळगावात सायकलचं दुकान, 1903 साली लोखंडी नांगर, 1910 साली कुंडलजवळच्या माळरानावर किर्लोस्करवाडी, हा पुढचा प्रवास मराठी वाचकाला पाठ आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीनं त्यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की पहिले नांगर विकले जाईनात. लोखंडानं जमीन नासते, असं शेतकरी म्हणत. ड्रॉइंग बरोबर, ओतकाम बरोबर, आणि माल पडून! हा धडा ड्रॉइंगच्या वर्गात नव्हता. आणि वाडीला कामावर जी माणसं आली, ती पदवी घेऊन आलेली नव्हती. लागणारं शिक्षण वाडीतच झालं.

तळेगावला त्याच सुमारास याहून वेगळा प्रयोग चालला होता. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा या हिशेबानं पैसा फंड गोळा केला आणि त्यातून 1908 मध्ये काचेचा कारखाना निघाला. तो कारखानाही होता आणि काच करायला शिकवणारी शाळाही. भट्टीपुढे उभं राहून शिकायचं आणि शिकता शिकता जो माल निघेल तो विकायचा. डेला-व्हॉसनं जे दोन वेगळं केलं होतं, ते तळेगावनं पुन्हा एकाच छपराखाली आणलं. स्वदेशीच्या चळवळीवर आपण भाषणं पुष्कळ केली, पण तिच्यातली ही शिक्षणाची बाजू फारशी सांगितली जात नाही.

सरकारनं या प्रश्नाचा पहिला गंभीर विचार केला तो पहिल्या महायुद्धात, बोटी बंद पडून विलायती माल यायचा थांबला तेव्हा. सर थॉमस हॉलंड यांच्या अध्यक्षतेखाली 1916 ते 1918 इंडियन इंडस्ट्रियल कमिशन बसलं. त्यानं उद्योगांचे दोन गट केले. यंत्रकामासारख्या, हाताच्या कौशल्यावर चालणाऱ्या उद्योगात शिक्षणाची जागा कारखाना हीच, आणि शाळा त्याला पूरक. साखर किंवा रसायनांसारख्या, प्रक्रियेवर चालणाऱ्या उद्योगात मुख्य शिक्षण संस्थेत आणि मग अनुभव. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या अहवालातली ही विभागणी मला आजही शहाणपणाची वाटते. कॉलेजं काढताना ती फारशी कुणी मनावर घेतली नाही.

तोवर अमेरिकेत कारखान्यातल्या कामाचंच शास्त्र झालं होतं. फ्रेडरिक टेलरनं 1880 पासून सुमारे 26 वर्षं एकाच प्रश्नाचा पाठपुरावा केला: धातू किती वेगानं कापावा? 1906 मध्ये त्यानं निष्कर्ष मांडले. वेग वाढवला की टूलचं, म्हणजे धातू कापणाऱ्या हत्याराचं, आयुष्य किती झपाट्यानं घटतं, याचं त्याचं सूत्र आजही प्रॉडक्शनच्या पोरांना परीक्षेत हमखास येतं. सहकारी व्हाइटबरोबर त्यानं तयार केलेलं हायस्पीड स्टील 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात ठेवलं होतं. टूलचं टोक तापून लाल झालं तरी ते कापतच राहायचं, आणि बघायला गर्दी व्हायची. लेथवाल्याच्या, म्हणजे कातयंत्र चालवणाऱ्याच्या, मनगटात जे होतं, ते टेलरनं कागदावर उतरवलं. कामगारांना ते आवडलं नाही, आणि ते स्वाभाविक होतं. कागद मालकाच्या खिशात गेला होता.

पण प्रॉडक्शन ही शाखा मेकॅनिकलपासून वेगळी निघायला पाया मिळाला तो इथे. मेकॅनिकलवाला सांगतो, शाफ्ट, म्हणजे यंत्रातला फिरता दांडा, केवढा हवा. प्रॉडक्शनवाल्यानं सांगायचं, तो कुठल्या मशिनवर, कुठल्या क्रमानं, किती मिनिटांत, किती मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) फरकात आणि किती रुपयांत होईल. 1906 मध्येच सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी 27 विद्यार्थ्यांना घेऊन आलटून पालटून वर्ग आणि कारखाना असा अभ्यासक्रम सुरू केला. इंग्लंडात तसल्याच सोयीला ‘सँडविच’ म्हणू लागले, आणि आपण नाव तिथून उचललं.

स्वातंत्र्यानंतर मशिन बनवणारी मशिनं देशात हवीत, हे धोरण ठरलं. हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर 1941 पासून लेथ करत होतीच. कॉलेजच्या वर्कशॉपमधला हिरवा किंवा करडा जुना लेथ अजूनही पुष्कळदा किर्लोस्करचा निघतो. 1953 मध्ये स्विस कंपनी ओर्लिकॉनच्या मदतीनं बंगळुरात एचएमटी, म्हणजे हिंदुस्थान मशीन टूल्स, आली. 1963 मध्ये मुंबईत विहार तलावाजवळ निटी ही इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगची संस्था सुरू झाली, जी 2023 मध्ये आयआयएम मुंबई झाली. त्याआधी 1961 चा अप्रेंटिस कायदा आला. 1973 च्या दुरुस्तीनं पदवी आणि डिप्लोमावाले इंजिनिअरही त्यात घेतले. जुन्या उमेदवारीला हे सरकारी रूप मिळालं, स्टायपेंडसकट.

पुणे परिसरात याचं सगळ्यात ठसठशीत रूप टेल्कोत, म्हणजे आजच्या टाटा मोटर्समध्ये, दिसलं. 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, आणि 1966 मध्ये सुमंत मुळगावकरांच्या नेतृत्वाखाली टेल्को पिंपरी-चिंचवडला आली. इथला पहिला ट्रक बाहेर पडला 1977 मध्ये. मधली वर्षं मशीन टूल, डाय (साचे) आणि हे सगळं करणारी पोरं तयार करण्यात गेली. आधी अप्रेंटिस आणि मग ट्रक, हा क्रम आज कुठल्या संचालक मंडळाला पटवता येईल का, मला शंका आहे.

कॉलेजांमध्ये प्रॉडक्शन शाखा रुजली ती या वातावरणात. पुणे विद्यापीठात तर ‘प्रॉडक्शन सँडविच’ असा वेगळा अभ्यासक्रम होता. दोन टर्म कारखान्यात काढायच्या, बाकी वर्गात. त्यावर विनोद ठरलेले, "तुम्ही सँडविचवाले, मधलं सारण कुठाय?"

सारण कारखान्यातच असायचं. मी भोसरीच्या एका छोट्या युनिटमध्ये ट्रेनिंगला होतो. पहिला आठवडा मला फक्त प्लग गेज, म्हणजे भोकाचं माप तपासायचा दांडा, दिलं. भोकात एक बाजू गेली पाहिजे, दुसरी अडली पाहिजे. दोन्ही बाजू गेल्या तर जॉब भंगारात. दुसऱ्या आठवड्यात मी हौसेनं एका फिक्स्चरचं, म्हणजे मशिनवर जॉब पकडून ठेवणाऱ्या साधनाचं, ड्रॉइंग काढलं, त्यात एक चौकोनी खळगा, कोपरे लख्ख काटकोनी. मिलिंग मशिनवरच्या मामांनी कागद दोनदा उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "साहेब, कटर गोल फिरतो. आतला कोपरा चौकोनी कुठून आणू?" वय विशीचं, आणि ‘साहेब’ ऐकून जास्त लाज वाटली. त्या दिवसापासून आतल्या कोपऱ्याला रेडियस, म्हणजे गोलाई, दिल्याशिवाय माझ्या हातून ड्रॉइंग गेलं नाही.

1983 मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित कॉलेजांना दार उघडलं. इंजिनिअरिंग गावोगाव पोचलं, हे खरंच मोठं काम झालं. पण प्रॉडक्शन ही खर्चिक शाखा. तिला बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, टनावारी यंत्रं लागतात, थ्री-फेज वीज लागते, तेल, कूलंट आणि हात काळे करणारे शिक्षक लागतात. कॉम्प्युटरच्या लॅबला खोली, टेबलं आणि एसी पुरतो. फी दोन्हीकडे तीच. संस्थाचालकांनी काय निवडलं असेल, ते सांगायची गरज नाही.

मुलांनीही तेच निवडलं, त्यांना दोष कसा द्यावा? कॅम्पसला येणाऱ्या आयटी कंपन्या प्रॉडक्शनच्याही पोरांना उचलत होत्या, पहिला पगार कारखान्यापेक्षा बरा होता आणि नाइट शिफ्ट एसीत होती. बऱ्याच ठिकाणी प्रॉडक्शनच्या जागा रिकाम्या राहू लागल्या. काहींनी शाखा मिटवली, काहींनी पाटी बदलली. पुण्याच्या सीओईपीत प्रॉडक्शनचं नाव आता मॅन्युफॅक्चरिंग सायन्स अँड इंजिनिअरिंग असं आहे. व्हीजेटीआयनं प्रॉडक्शन हेच नाव ठेवलं.

दरम्यान मशिन बदललं. 1952 मध्ये एमआयटीत छिद्रांच्या फितीवरून चालणारं मिलिंग मशिन दाखवलं गेलं, त्याचे वंशज आज चाकण-भोसरीच्या गाळ्यागाळ्यात सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमावर चालणारी मशिनं, म्हणून उभे आहेत. हँडल फिरवणारा हात गेला, प्रोग्रॅम आला. म्हणून फिटिंगचा जॉब काढून टाकावा, असं मास्तरांच्या बैठकांत अधूनमधून निघतं. मी काढू नये या पक्षाचा आहे. दहा मायक्रॉन म्हणजे काय हे स्क्रीनवर कळत नाही. गुण्याखालच्या उजेडाच्या रेघेत कळतं.

2020 साली यूजीसीनं अप्रेंटिसशिप जोडलेल्या पदव्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली: पदवीच्या अभ्यासातच कारखान्यातली उमेदवारी, तिला क्रेडिट आणि स्टायपेंड. घोषणा झाली तेव्हा आमच्या बॅचच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी बातमी टाकली आणि खाली लिहिलं, "सँडविच परत आलं रे." त्यावर दुसऱ्यानं विचारलं, "सारण कोण घालणार?"